केरसुणी उलटी टांगली, बिल्डिंगला सलाईन लावली: याला कला म्हणायचं का?

या वेळी आलेल्या पत्रांमधली निम्मी तरी जुन्या बिल्डिंगांवरचीच आहेत, आणि त्याला कारण चोपडा तालुक्यातल्या एका जुन्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, गावच्या पोरांनी वस्तू मांडून केलेलं इन्स्टॉलेशन. ज्यांनी बघितलं ते पण भांडतायत आणि ज्यांनी नुसते फोटो बघितले ते जास्त भांडतायत. नावं छापू नका असं जवळजवळ सगळ्यांनी लिहिलंय, गावात राहायचंय शेवटी, म्हणून नावं नाहीत.

प्रश्न: ताई नमस्कार. आमच्या गावात जुनं जीन आहे, जिनिंग-प्रेसिंग, आता नावालाच. माझे वडील तिथं कामाला होते. जीन बंद पडल्यावर तिथं खताचं गोडाऊन झालं, मग लग्नाचा हॉल, मध्ये एका दुष्काळात चारा पण भरला होता. जानेवारीत आमच्याच गावची तीन पोरं, बाहेर आर्ट कॉलेजला आहेत, त्यांनी आत इन्स्टॉलेशन लावलं. वरून शंभरेक केरसुण्या आणि खराटे उलटे टांगले, छताच्या कैच्यांना (छत पेलणारे त्रिकोणी सांगाडे) सलाईनच्या बाटल्या, खाली घमेली, भिंतीचा चुना चौकोन चौकोन खरवडून ठेवला. वडील बघून आले आणि एवढंच म्हणाले, "पोरेसले काही कामधंदा नई शे का?" आई तर चिडलीच, केरसुणी म्हणजे लक्ष्मी, ती उलटी टांगतात का. माझं म्हणणं एकच, तेवढ्या पैशात पत्रे बदलले असते. ही खरंच कला आहे का नुसतं नाटक? (एक वाचक, चोपडा तालुका)

उत्तर: भाऊ, मी ते बघून आले. माझं माहेर तिकडंच, भाच्याच्या बारशाला गेले होते, आणि माझा भाऊ म्हणाला चल तुला सर्कस दाखवतो, म्हणजे खरं सांगते मी हसायच्या तयारीनंच गेले होते.

आधी सलाईनचं सांगते कारण ते अजून डोक्यातून जात नाहीये. जानेवारीत पाऊस कुठला, पण पोरांना दाखवायचं होतं की छत कुठं कुठं गळतं. तर त्यांनी आदल्या पावसाळ्यातच फरशीवर, जिथं जिथं थेंब पडतो तिथं ऑइलपेंटनं गोल काढून ठेवले होते, आणि जानेवारीत बरोब्बर त्या गोलावर, वर कैचीला, सलाईनची बाटली बांधली. खाली कुठं घमेलं, कुठं पातेलं, कुठं रंगाचा रिकामा डबा, एका ठिकाणी नुसतीच फरशी. नळीवरचं ते छोटं चाक फिरवून प्रत्येक बाटलीचा वेग वेगळा ठेवलेला. घमेल्यात टण्ण, पातेल्यात टिंग, डब्यात आधीच पाणी साचलेलं म्हणून डुबुक. एवढ्या लांब हॉलमध्ये दुसरा आवाज नाही. माझ्या शेजारी एक आजी उभी होती, हातात भाजीची पिशवी, ती कुणाला उद्देशून नाही, आपल्याशीच म्हणाली, "बिल्डिंगले सलाईन लायेल शे." झालं! दारात इंग्रजीत दीड पान बोर्ड लावला होता, तो या एका वाक्यापुढं वाया गेला.

आता कला की नाटक. मराठीत याला मांडणशिल्प म्हणतात आणि मला तो शब्द इंग्रजीपेक्षा बरा वाटतो, कारण मांडणी आपल्याला माहितीय. कानबाई, आपली खान्देशातली देवी, बसवतो तेव्हा आपण काय करतो, आधी घर सारवून रंगवून लख्ख, मग चौरंग, नारळ, फुलोरा, समया, आणि त्या एका रात्रीपुरतं ते घर घर राहत नाही, वेगळंच काहीतरी होतं, आणि दुसऱ्या दिवशी विसर्जन. चित्र भिंतीवर लावतात आणि आपण समोर उभं राहतो. मांडणीत आपण आत शिरतो. देवाची मांडणी आणि या पोरांची मांडणी एकच असं मी म्हणत नाही हां, उगाच पत्रं पाठवू नका. पण जागा उभी करायची आणि मग मोडायची, हे आपल्याला नवीन नाही एवढंच.

आणि ती जागा काय आहे ते बघा ना. जीन एवढं लांबलचक का बांधलं, कारण जिनिंगची यंत्रं एका ओळीत, सगळी एकाच लांब शाफ्टवरून पट्ट्यांनी फिरणारी. उंच का, कारण कापसाचं बारीक तूस उडतं, हवा खेळायला पाहिजे. विटा आणि लोखंड का, कारण कापसाला आग लागली की संपलं. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस थांबला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्याच सुमाराला रेल्वे पण आली, आणि पुढं खान्देशभर अशी जिनं उभी राहिली. म्हणजे ती बिल्डिंग सुंदर दिसावी म्हणून कुणी बांधलेलीच नव्हती, कामापुरती बांधली होती. पण गंमत अशी की यंत्रांच्या ओळीसाठी बांधलेला हॉल पंगतीच्या ओळीला पण फिट बसला, म्हणून तर तुमच्याकडं तिथं लग्नं लागली. चौकोनी बुटकी बिल्डिंग असती तर कधीच पडली असती.

भिंतीच्या चौकोनांकडं तुमच्या वडिलांनी नीट बघितलं का माहीत नाही. तळहाताएवढा चौकोन, त्यात पायरी पायरीनं एकेक थर उघडा केलेला. सगळ्यात वर तो लग्नाच्या हॉलचा गुलाबी ऑइलपेंट, त्याखाली पिवळा डिस्टेंपर, त्याखाली रामरज घातलेला पिवळट चुना, मग निळीचा चुना, परत निळीचा, परत, परत, मी सात मोजले आणि मग वीट. चुन्याचे थर कागदाएवढे पातळ, जवळजवळ वर्षाला एक असणार, आणि मग अचानक ऑइलपेंटचा जाड थर, म्हणजे त्या दिवसापासून दरवर्षी चुना मारणारा माणूस बंद झाला. मला तर ते तलाठ्याच्या सातबाऱ्यासारखं वाटलं. आणि दुसरं म्हणजे लोणा, भिंतीतून फुटणारा क्षार. आतल्या भिंतीला सगळीकडं कमरेच्या वर साधारण एकाच उंचीपर्यंत लोणा लागलाय, विटा भुगा होतायत, त्याच्या वर भिंत ठणठणीत. पोरांनी त्या रेषेवर नुसती एक लाल दोरी ताणली होती. तिथं खताच्या पोत्यांची थप्पी होती! खतातले क्षार विटेत गेले, दर पावसाळ्यात ओल आली की विरघळतात, उन्हाळ्यात वाळले की परत खडे धरतात आणि वीट आतून फोडतात. गोडाऊन उठून एवढी वर्षं झाली तरी भिंत अजून ते खत बाहेर टाकतेय. कुणी सांगितलं नसतं तर मी ओल म्हणून पुढं गेले असते.

आईंचं म्हणणं मला अर्धं पटलं, अर्ध्याहून जास्त पटलं. लक्ष्मीपूजनाला आपण नवीन केरसुणीला हळदीकुंकू वाहतो, चुकून पाय लागला तर पाया पडतो, आणि हे गावातल्या पोरांना माहीत नसेल असं नाही. त्यांना म्हणायचं होतं की ही बिल्डिंग इतकी वर्षं झाडणाऱ्यांच्या जिवावर उभी आहे. मग ती झाडूनच दाखवायची ना. मी विचारलं, रोज हा हॉल कोण झाडतं? तर एक मावशी, लग्नाचा हॉल होता तेव्हापासून त्याच. सकाळी सलाईनच्या बाटल्या पण त्याच भरत होत्या, शिडीवर चढून, कारण पोरं उशिरा उठतात. मध्ये दोन दिवस त्या पंढरपूरला गेल्या तर बाटल्या कोरड्या, आवाज बंद, लोक येऊन घमेली बघून गेले. त्यांना वेगळे पैसे दिले का विचारलं तर पोरं एकमेकांकडं बघायला लागली. बोर्डावर तीन कलाकारांची नावं, मावशींचं नाही. देखभालीवर मांडणी करायची आणि देखभाल करणारीलाच विसरायचं, हे मला केरसुण्यांपेक्षा जास्त खटकलं आणि मी तसं त्यांना तोंडावर सांगितलं. तुमच्या वडिलांना पण कुणी विचारलं नाही ना, कुठलं यंत्र कुठं होतं, पट्टा निसटला की काय व्हायचं? तेच मोठं चुकलं. त्यामुळं कोपऱ्यात कापसाचा ढीग करून त्यात लुकलुकणाऱ्या माळा सोडाव्या लागल्या, सेल्फीसाठी.

हे सगळं काही या पोरांच्या डोक्यातून आकाशातून पडलेलं नाही. होर्हे ओतेरो-पायलोस म्हणून एक आहेत, न्यूयॉर्कमध्ये शिकवतात, जुन्या वास्तूंच्या जतनाचेच जाणकार. ते जुन्या भिंतीवर पातळ लॅटेक्स, म्हणजे रबराचा चीक लावतात, तो वाळला की सालीसारखा सोलून काढतात, आणि त्याच्याबरोबर भिंतीवरची शेकडो वर्षांची धूळ काजळी निघून येते. भिंत साफ, आणि ती धुळीची साल मांडणशिल्प म्हणून टांगायची. २०१६ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये एका अख्ख्या भिंतीची अशी साल टांगली होती, साधारण ५० मीटर लांब. तो हॉल अकराव्या शतकातला, तिथं राजांच्या मेजवान्या झाल्या, कोर्टं भरली, आणि टांगलं काय तर धूळ. मला यातलं आवडतं ते असं की साफसफाई हीच कला होती, वेगळी करावी लागली नाही. आपल्या पोरांना हे सुचलं असतं तर लोणा लागलेली भिंत दुरुस्त करता करताच मांडणी झाली असती.

पत्र्यांचं. मी हिशोब विचारला, बाटल्या एका दवाखान्यातून वापरलेल्या मिळाल्या, घमेली उसनी, केरसुण्या तेवढ्या विकत. त्या पैशात एवढ्या लांब हॉलचा एक कोपरा पण झाकला गेला नसता. आणि पत्रे बदलायला इतक्या वर्षांत कुणी कुणाला अडवलं होतं, सांगा बरं.

प्रश्न: हे इन्स्टॉलेशन वगैरे मुंबई-पुण्याकडचं खूळ, खान्देशात याआधी असं कधी झालं होतं का? (भुसावळ)

उत्तर: झालं होतं की, आणि तुमच्यापासून फार लांब नाही, फैजपूरला. डिसेंबर १९३६ चं काँग्रेसचं अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलं, अध्यक्ष नेहरू. गांधीजींचा हट्ट की मंडप, दारं, सगळं गावात मिळतं त्यातूनच उभं करायचं, आणि त्यासाठी शांतिनिकेतनहून बोलावलं कुणाला तर चित्रकार नंदलाल बोसांना. बांबू, चटया, गावातल्या कारागिरांचे हात, आणि तिथं एक अख्खं गाव उभं राहिलं. अधिवेशन संपलं, उतरवलं. त्याला तेव्हा कुणी इन्स्टॉलेशन म्हटलं नाही, पण दुसरं काय होतं ते?

आणि वास्तू कशी बदलते बघायचं तर चाळीसगावला केकी मूस यांचं घर बघा, स्टेशनजवळ. १९१२ चा जन्म, फोटोग्राफर, टेबलावर खडे, काड्या, कापूस मांडून त्याचं असं निसर्गदृश्य करायचे की फोटोत खरंच वाटावं. जवळजवळ पन्नास वर्षं घराबाहेर पडले नाहीत म्हणतात, आणि रोज रात्री पंजाब मेलच्या वेळेला दार-खिडक्या उघडून कुणाची तरी वाट बघायचे ही गोष्ट तर चाळीसगावात कुणीही सांगेल. १९८९ ला गेले. आधी घर, मग तेच स्टुडिओ, आता तेच म्युझियम. तिथं गेलात तर फोटो बघाच, पण खुर्च्या, दारं, त्या जागा पण बघा, माणूस उठून आत गेलाय असं वाटतं.

प्रश्न: ताई, आमचं सासरचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर आहे, सागवानी खांब, जुनं. दोन वर्षांपासून गळतंय. दीर म्हणतात वरून सिमेंटचा कोबा टाकू आणि पुढच्या खणात कॅफे काढू, ते इन्स्टॉलेशन बघून त्यांना पण काहीतरी 'हेरिटेज' करायचंय. सासूबाई म्हणतात खारी माती टाका, कोबा नको. दोघांत मी मेले. (एरंडोलजवळून)

उत्तर: सासूबाई बरोबर आहेत, आणि हे दिरांना माझं नाव सांगून सांगा.

खारी माती म्हणजे काही परवडत नव्हतं म्हणून टाकायचे असं नाही. ती ओली झाली की तिचे बारीक कण सुटे होतात आणि भेगांमध्ये जाऊन बसतात, म्हणजे पहिल्या पावसात धाबं स्वतःच स्वतःच्या भेगा बुजवतं. शिवाय तिच्यात गवत फारसं उगवत नाही, गवताची मुळं गेली की गळती ठरलेली. कोब्याचं काय होतं, खाली लाकूड, ते ऊन-पावसात हलतं, थोडं वाकतं, माती त्याच्याबरोबर वाकते, सिमेंट वाकत नाही, तडकतं. त्या केसाएवढ्या तड्यातून पाणी आत जातं आणि वरून झाकण घातलेलं असल्यामुळं परत वाळत नाही. मग सऱ्याचं, म्हणजे छताखालच्या आडव्या लाकडाचं, भिंतीतलं टोक आतल्या आत कुजतं, बाहेरून खांब कसा झकास दिसतो, आणि एक दिवस सरा खाली. भिंतींना पण तेच, मातीच्या-चुन्याच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर केलं की ओल बाहेर पडायला जागा शोधत वर वर चढते.

पण सासूबाईंना पण एक विचारा, जुनी माती खरवडता की तशीच त्याच्यावर नवी टाकता? बऱ्याच घरी दरवर्षी नवी टाकत जातात आणि जुनी कुणी काढत नाही. एक फूट जाडीची माती म्हणजे दर चौरस मीटरला साधारण ५०० किलो, पावसात भिजली की अजून. तेवढं ओझं तुमच्या सऱ्यांना नको. उन्हाळ्यात वरचा थर खरवडून काढा, उतार पन्हळीकडं आहे ना बघा (पन्हळ तुंबलेली असते, दहातल्या नऊ घरी गळती तिथूनच, हा माझा अंदाज, पण पैज लावायला तयार आहे), मग खारी माती, पाणी शिंपून चोपणं. आणि सऱ्यांची टोकं भिंतीत जिथं जातात तिथं एका जुन्या सुताराला स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघायला सांगा, तो सहज आत गेला तर आधी ते काम.

भिंतीला चुना वापरायचा तर कळीचा चुना आणा, पाण्यात विरवा, निदान काही आठवडे पाण्याखाली राहू द्या. घाई केली की भिंतीवर फोड येतात. गिलाव्याच्या चुन्यात जुनी माणसं गूळ, हिरडा, बेलफळ, उडीद काय काय घालायची, प्रत्येक गवंड्याचं वेगळं, आणि प्रत्येकाचंच खरं.

कॅफेला माझा विरोध नाही. बंद घरापेक्षा चहाचं घर बरं, रोज कुणीतरी दार उघडेल, झाडेल, गळलं तर लगेच दिसेल. फक्त भट्टी आणि धूर मागच्या अंगणात न्या, आणि सागवानी खांबांना चकचकीत पॉलिश फासू नका, तेलाचा हात पुरे.

प्रश्न: मी चित्रकला शिक्षक आहे. आमची शाळा जुन्या दगडी इमारतीत भरायची, आता नवीन इमारत झाली, जुनी कुलूपबंद. मुलांना घेऊन तिथं मांडणी करावी म्हणतो. परवानगी कुणाची, आणि काय सांभाळायचं? (शहादा)

उत्तर: सर, आधी बघा की ती संरक्षित स्मारकाच्या यादीत आहे का किंवा अशा स्मारकाच्या शेजारी आहे का. केंद्राचा कायदा १९५८ चा, त्यात २०१० मध्ये बदल झाला, संरक्षित स्मारकापासून १०० मीटरमध्ये बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. राज्याचा वेगळा कायदा १९६० चा. तुमची नुसती शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समिती आणि इमारत ज्यांच्या नावावर आहे त्यांची परवानगी, लेखी, तोंडी नको. आणि मुलांना आत नेण्याआधी छत कुणा जाणकार इंजिनिअरला दाखवा, यात हयगय नको.

भिंतीत खिळा मारायचा नाही, चिकटपट्टी लावायची नाही, ती काढताना चुना घेऊन येते. बांबूच्या तिकाट्या करा, स्वतःच्या पायावर उभ्या राहणाऱ्या, सगळं त्यांनाच बांधा. पणत्या नकोत. आणि चुना खरवडायचा मोह होईल, पण तो थर परत लावता येत नाही, त्यामुळं खरवडायचाच तर एकच चौकोन, दाराआडचा. मुलांना त्यापेक्षा जुनी हजेरीपत्रकं, शिपाईकाकांच्या आठवणी, फळ्याच्या जागेचा भिंतीवरचा काळा आयत, यातून जास्त मिळेल. आणि बोर्ड मराठीत.

प्रश्न: एवढ्या शंभर केरसुण्यांचं पुढं काय झालं हो? (बऱ्याच जणी, बऱ्याच गावांहून)

उत्तर: मी पण फोन करून विचारलं. शेवटच्या दिवशी मावशींनीच उतरवायला लावल्या. खराटे ग्रामपंचायतीनं नेले. केरसुण्या आलेल्या बायांना एकेक वाटल्या, मावशींनी स्वतःला चार ठेवल्या. सलाईनच्या बाटल्या मात्र अजून वरच आहेत, कोरड्या, शिडी ज्याची होती तो घेऊन गेला.